मागच्या खाचेतला पाहुणा

"सगळे पाहुणे बाहेर," असं म्हणत दुरुस्तीवाल्यानं स्वतःच्याच घरच्या कॉम्प्युटरच्या वायरी उपटल्या. हेडफोन काढला, माइक काढला, मागं हात घालून चाचपत प्रिंटरही सोडवला. मग बटण दाबून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पंखा घरघरला, हिरवा दिवा लुकलुकला आणि काळ्या पडद्यावर सकाळपासून येणारी ओळ पुन्हा आली. सुरू करण्यासारखं काहीही सापडलं नाही.

"बघू पुन्हा," तो म्हणाला. गिऱ्हाइकाला धीर द्यायचा त्याचा खास आवाज होता, तोच त्यानं बायकोसमोर काढला. बायकोनं तो ओळखला आणि तिचा उरलासुरला धीर सुटला.

हा पाहुण्यांचा मंत्र त्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पाठ होता. यंत्र झोपेतून उठलं की आधी बाहेरून आलेल्यांकडे बघतं, घरच्यांची पाळी नंतर येते. म्हणून जोडलेलं जे जे असेल ते काढा आणि मगच माझ्याकडे रडत या, असं तो सांगे. गिऱ्हाइकांच्या घरी गेला की त्यांना तो कॉम्प्युटरचा डबा टेबलाखालून पूर्ण ओढायला लावी, मागची बाजू विजेरीनं बघे. पण घरच्या यंत्रापुढे गुडघे टेकून वाकायचं म्हणजे घरचं जेवण काट्यावर तोलण्यासारखं. हात फिरवला, पाहुणे गेले, असं धरून त्यानं डब्याचं झाकण उघडलं, वायरी दाबून बसवल्या, फुंकर मारली आणि निकाल दिला, "डिस्क गेलेली दिसते."

त्याची बायको आयुष्यभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. सगळं गाव तिला आवाजानं ओळखत असे, चेहऱ्यानं कुणीच नाही. भाजीवाल्याकडे तोंड उघडलं की आजूबाजूची माणसं वळून बघत आणि आपण हिला कुठं भेटलोय ते आठवत बसत. घरात मात्र या आवाजाची पत वेगळी होती. तिचं वाक्य सासूबाईंच्या हद्दीत शिरलं की पूर्णविरामापर्यंत कधी पोचत नसे. ते मधेच उचलून सासूबाई आपल्या पद्धतीनं संपवून टाकत, आणि तेच बरोबर होतं असंही सांगत.

निवृत्त झाल्यावर अंध वाचकांच्या ग्रंथालयानं तिला एक कादंबरी वाचून ध्वनिमुद्रित करायला दिली. घरात शांत जागा एकच, कपड्यांचं मोठं कपाट. त्याची दारं उघडून, रजयांमध्ये डोकं खुपसून, माइक धरून ती रोज दुपारी वाचे. सासूबाईंनी हे नातेवाइकांत आणि शेजारपाजारी पोचतं केलं होतं. "जन्मभर न दिसणाऱ्या माणसांशी बोलली, आता कपड्यांशी बोलते."

आता शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. मागची सगळी या एकाच यंत्रात होती. दुसरीकडे नक्कल करून ठेव, असं ती नवऱ्याला पुस्तक सुरू केल्यापासून सांगत होती आणि तो "करतो" म्हणत होता. गावभर लोकांना नकला ठेवायला सांगणाऱ्याच्या घरी ही कथा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिनं ग्रंथपालबाईंना फोन केला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या फार गोड बोलल्या. वाचक वाट बघत आहेत, एक भारदस्त आवाजाचे गृहस्थ तयार आहेत, आज ग्रंथालय बंद होईपर्यंत पुस्तक आलं नाही तर उद्यापासून ते पहिल्या पानापासून सुरुवात करतील, तुम्ही मुळीच वाईट वाटून घेऊ नका. ऑपरेटरबाईनं अशा गोड आवाजात हजारो लोकांना "नंबर व्यस्त आहे" सांगितलं होतं. त्याचा अर्थ तिला नीट ठाऊक होता.

नवऱ्यानं डिस्क काढून रुमालात गुंडाळली, दुकानातल्या यंत्राला लावून बघतो म्हणाला आणि स्कूटर काढली. घरात सासू आणि सून उरल्या.

सासूबाई सकाळपासून गप्प होत्या. ही डिस्क जाण्यापेक्षा मोठी घटना होती, पण गडबडीत कुणाच्या लक्षात आली नव्हती. चहावर साय धरली होती. त्यांचा लाडका रेडिओ, ज्यात पेनड्राइव्ह खोचून त्या जुनी गाणी ऐकत, तोही मुका होता. नजर अधू झाल्यापासून कान हीच त्यांची सगळी मिळकत, आणि ती त्या एक क्षणही बिनव्याजी पडू देत नसत.

"सगळंच गेलं का गं?" त्यांनी विचारलं.

"दुकानात बघतील म्हणाले."

"तो होडीवाला पण?"

सून मान वर करून बघत राहिली. पुस्तकात होडीवाला आहे हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"त्याचा भाऊ येतो का परत?" सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "रागावून गेलेला?"

"आई, तुम्हाला कसं..."

"तुझं कपाट माझ्या भिंतीला लागून आहे. पण मेली भिंत जाड. भांडणं तेवढी ऐकू येतात. हळू बोललेलं सगळं भिंतीच्या पोटात जातं, आणि भावाचं म्हणून जे काही आहे ते नेमकं तू हळू वाचतेस."

ऑपरेटरबाईला हसू आलं. सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"त्या यंत्राच्या मागं माझी गाण्याची काडी आहे बघ. काल तू बाजारात गेलीस तेव्हा लावली. म्हटलं, पोरगा यातूनच तर गाणी भरतो. रात्रभर लावून ठेवली तर गोष्ट भरेल. नळाखाली घागर ठेवतात तशी. पहाटे काढून घेणार होते, तर तू माझ्याआधी उठलीस."

"पण यंत्र तर बंद होतं."

"नळ तरी रात्री कुठं चालू असतो? पाणी पहाटेच येतं ना."

सुनेनं एवढंच विचारलं की मागितलं असतं तर दिलं नसतं का.

"कोणत्या तोंडानं मागू?" सासूबाई म्हणाल्या. "कपड्यांशी बोलते म्हणून सगळीकडे मीच सांगत फिरले. आता मीच मारलं ना त्या होडीवाल्याला?"

"नाही हो. बघू तर द्या."

ती टेबलाखाली शिरली, गुडघे टेकले आणि डबा भिंतीपासून ओढला. मागं वायरींच्या झुपक्याआड काळ्या खाचेत काळाच, नखाएवढा पेनड्राइव्ह बसला होता. दुसऱ्याच्या घरात लपून बसलेल्या पोरासारखा. तिनं तो काढला तोच फोन वाजला. डिस्क ठणठणीत आहे, सगळी प्रकरणं दिसताहेत, मग रोग आहे तरी कुठं, असं नवरा वैतागून विचारत होता.

"अहो, ती घेऊन घरी या," ती म्हणाली. "पाहुणा सापडला."

डिस्क बसली, बटण दाबलं, आणि यंत्र काही झालंच नसल्यासारखं हसऱ्या तोंडानं उठलं. दुरुस्तीवाल्यानं पेनड्राइव्ह चिमटीत धरून बघितला. झालं काय होतं ते त्याला आता लख्ख दिसत होतं. यंत्र उठलं, दारातल्या पाहुण्याकडे संसाराच्या किल्ल्या मागितल्या, आणि पाहुण्याकडे होती नुसती गाणी. मग तिथंच हातपाय गाळून बसलं, आत घरचा माणूस आहे हे बघितलंच नाही.

"कुणी लावला हा?"

आतल्या खोलीत सासूबाई खाकरल्या.

"मी," ऑपरेटरबाई म्हणाली.

"तू? अगं, मी रोज जगाला सांगतो आणि माझ्याच घरात..."

"आणि तू वाकून बघितलं नाहीस ते?" आतून आवाज आला. "झालं ना सुरू? मग तिला काम करू दे."

दुरुस्तीवाल्याचं वाक्य तिथंच संपलं. त्यानं निमूटपणे यंत्राच्या पोटातली क्रमवारी बदलली, घरचे आधी, पाहुणे नंतर, आणि सगळ्या प्रकरणांची नक्कल करायला बसला.

दुपारी ऑपरेटरबाई कपाटात शिरली तेव्हा सासूबाई खुर्ची घेऊन आल्या आणि कपाटाच्या दाराला गुडघे लावून बसल्या. आवाज करायचा नाही, असं सुनेनं बजावलं. त्यांनी नुसती मान हलवली. शेवटच्या प्रकरणात भाऊ आला. ओळख न देता होडीत बसला, आणि होडीवाल्यानंही काही न विचारता दुसरं वल्हं त्याच्या हातात दिलं. ते वाक्य संपलं, आणि माइकमध्ये बारीकसा, अगदी पोटातून आलेला एक हुंकार उमटला. "हं."

ग्रंथालयासाठीच्या नकलेतून तिनं तो "हं" कापला. दार लोटायच्या बेतात असलेल्या ग्रंथपालबाईंच्या हातात नवऱ्यानं स्कूटरवरून नेऊन पुस्तक दिलं. त्या भारदस्त गृहस्थांना दुसरं पुस्तक देऊ, असं त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज साधाच होता. गाण्याच्या पेनड्राइव्हमध्ये मात्र तिनं प्रकरण "हं" सकट भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण विरजण मागायला आली आणि सवयीनं सासूबाईंच्या खुर्चीपाशी टेकून पाणी न येण्याबद्दल सांगू लागली. सासूबाईंच्या मांडीवर रेडिओ होता. त्यांनी हात वर केला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "सून बोलतेय ना."

शेजारणीनं स्वयंपाकघराकडे बघितलं. सून ओट्याशी पाठमोरी, गप्प उभी होती. तिच्या हातातली वाटी अर्धीच भरली होती, आणि रेडिओतलं वाक्य पूर्ण होईपर्यंत ती तशीच धरून राहिली.