पुसलेले कपाळ

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या भिंगाच्या कडेला बुरशीचा एक पांढरा ठिपका आहे आणि रबरी मूठ सुटून लोंबते आहे. तरी माझी गोष्ट माझ्याबद्दल फारशी नाही. ज्याचा जन्मच दुसऱ्यांकडे पाहण्यासाठी होतो, त्याला स्वतःचे असे काय सांगता येणार?

मी दूरच्या कारखान्यात घडलो, पण डोळा उघडला तो औशात, बसस्थानकाजवळच्या मल्लिनाथांच्या फोटो स्टुडिओत. हैदराबादहून आणल्यावर त्यांनी माझी पूजा केली, माझ्या काळ्या अंगावर विभूतीची तीन बोटे ओढली आणि पहिला फोटो काढला तो परकर नेसलेल्या सुकन्येचा, आपल्या मुलीचा.

पुढची वर्षे कौतुकाची होती. लग्ने, बारशी, किल्ल्यावर मिरवायला आलेली नवी जोडपी. "मल्लिनाथप्पाचा हात हलत न्हाई," असे लोक म्हणत, आणि ते खरे होते. पण त्यांची मोठी ख्याती सफाईची होती. व्रण, मुरूम, डोळ्यांखालची काळोखी, सारे ते संगणकावर पुसून देत. "माणूस फोटोत तरी सुखी दिसू द्या की," म्हणत हसत.

सुकन्या शाळेत असताना तिच्या कपाळाच्या मध्यावर एक पांढरा डाग उमटला. मग बोटांवर, मनगटांवर. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितले, हे कोड आहे, शिवल्याने कुणाला होत नाही. मल्लिनाथांनी मान हलवली, घरी येऊन तिचा फोटो काढला आणि त्यातला डाग पुसला. नंतर प्रत्येक वाढदिवसाला तेच. दुकानाच्या भिंतीवर एक निर्मळ मुलगी मोठी होत गेली. गल्ल्यामागे बसलेली दुसरी तिच्याकडे पाहत राहिली. मी दोघींनाही ओळखत होतो.

पुढे नवा कॅमेरा आला आणि मी कपाटात गेलो. कपाटामागची भिंत पावसाळ्यात ओल धरी. तिथेच माझ्या काचेवर बुरशी चढली. कुणी विचारले नाही. नांदेडला चित्रकला शिकणाऱ्या सुकन्येने एका सुट्टीत मला बाहेर काढले, तेव्हा मल्लिनाथ म्हणाले, "त्याला डाग पडलाय गं. नवा घे की."

"दिसतंय ना त्याला अजून?" ती म्हणाली. "मग ऱ्हाऊ द्या, अप्पा."

त्या सुट्टीत मी जे पाहिले, ते प्रथमच कुणी पुसले नाही. खिडकीच्या उजेडात ती आपले हात माझ्यासमोर धरी. डागांच्या कडा तिने इतक्या जवळून टिपल्या, की त्या आटलेल्या मांजरा नदीच्या काठासारख्या वाटाव्यात. मग तिने चलचित्र केले. ज्वारीचे पीठ मळणारी तिची बोटे. पीठ कुठे संपते आणि कातडी कुठे सुरू होते, ते कळत नाही. मग ती हात धुते. पीठ वाहून जाते. बोटे पांढरीच राहतात.

"हे काय करायलीस?" तिची आई कमलम्मा दारातून म्हणाली. "लोक झाकायलेत, अन् तू छापायलीस!"

"कॉलेजात दाखवणार हाय, अव्वा. मोठ्या पडद्यावर."

"आधी उदगीरचं स्थळ जमू दे. मंग नाच पडद्यावर."

स्थळासाठी फोटो हवा होता. कमलम्माने मुलीच्या कपाळावर विभूती ओढली, नेहमीपेक्षा रुंद, डाग झाकेल अशी. मल्लिनाथांनी नव्या कॅमेऱ्याने फोटो घेतला आणि सवयीने कपाळ साफ केले. पांढरे दिसले की पुसायचे, एवढेच त्यांच्या बोटांना ठाऊक होते. घाईघाईत फोटो उदगीरला गेला.

रविवारी पाहुणे आले. मी खिडकीत होतो. मुलाचे चुलते चंद्रप्पा चहा घेता घेता एकदा मोबाइलकडे, एकदा सुकन्येकडे पाहत होते. अखेर त्यांनी मोबाइल मल्लिनाथांपुढे धरला.

"राग मानू नका, मल्लिनाथप्पा. आपल्या लिंगायताच्या घरची पोर, अन् फोटोत कपाळ मोकळं? घरात काही वाईट झालं होतं का?"

मल्लिनाथांनी पाहिले. त्यांच्या तेव्हाच्या चेहऱ्यावर कोणतीही सफाई चालली नसती.

"विभूती होती," सुकन्या म्हणाली. "अप्पांनी डाग पुसला. त्यात ती बी गेली."

"कसला डाग?"

तिने कपाळाला हात लावला नाही. पदराआडचे दोन्ही हात बाहेर काढले आणि सर्वांसमोर मांडीवर ठेवले. चहा अर्धा टाकून चंद्रप्पा उठले. "कळवतो," म्हणाले. ते कळवणे अजून आलेले नाही.

कमलम्मा आत जाऊन रडली. मल्लिनाथ दुकानात जाऊन तिच्या फोटोंच्या भिंतीपुढे उभे राहिले, मग संगणक उघडून शोधत बसले.

"तुझा एकबी जसाच्या तसा फोटो न्हाई का गं माझ्यापाशी?"

"कुठून ऱ्हाईल, अप्पा? पुसलेलाच ठेवायचे तुम्ही."

मित्रांनो, ते सारे चेहरे माझ्या काचेतून गेले होते. पण माझ्या पोटात काही उरत नाही. कार्ड रिकामे केले जाते, आणि मी कितीही ओरडलो तरी दाखवू शकत नाही.

मग त्यांनी मला उचलले. "बस," म्हणाले. ती बसली. त्या दिवशी मल्लिनाथांचा हात हलला.

"अस्पष्ट आलाय, अप्पा."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि त्यांनी तो तसाच ठेवला.

आज मी नांदेडला, सुकन्येच्या कॉलेजच्या दालनात टेबलावर आहे. पडद्यावर बोटे पुन्हा पुन्हा धुतली जातात. कमलम्मा आलेली नाही. मल्लिनाथ आले आहेत, पण दाराशीच उभे आहेत.

माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना ओलीत कोंडू नका. आमची काच मऊ कापडाने पुसत जा. पण काचेपलीकडे जे माणूस बसले आहे, त्याच्यावर बोट फिरवण्याआधी थांबा. पुसलेले परत आणता येत नाही. मल्लिनाथ औशाला परतले, की पुन्हा संगणक उघडून शोधत बसतील.