अर्धा हात

समितीच्या बैठकीत बाईंचं काम एकच. कोण काय बोललं ते लिहायचं आणि स्वतः तोंडाला कुलूप लावायचं. एकोणीस वर्षं त्यांनी ते इमानेइतबारे पाळलं. पण कुलूप तोंडाला होतं, डोळ्यांना नव्हतं. अध्यक्षांनी चष्मा पुसायला घेतला की निकाल आधीच ठरलेला असतो, हे त्या शपथेवर सांगतील. आणि डॉक्टर? ते बैठकभर कागदावर घोडे काढत बसतात. खरंच ऐकत असले, तरच पेनाला टोपण लावतात.

आजचा विषय होता वाचनालय बंद करण्याचा. म्हातारे ग्रंथपाल उभं राहून सांगत होते, "रोज चाळीस माणसं येतात. काहींशी घरी बोलायलाही कुणी नसतं."

अध्यक्ष चष्मा पुसत होते. म्हणजे ठरलंच, बाईंनी ओळखलं. त्याच वाचनालयात अभ्यास करून त्या या खुर्चीपर्यंत आल्या होत्या. तेवढ्यात त्यांना दिसलं, डॉक्टरांच्या पेनाला टोपण होतं.

"बंद करायच्या बाजूने हात वर करा," अध्यक्ष म्हणाले.

तीन हात झटकन वर गेले. डॉक्टरांचा कानापर्यंत आला आणि तिथेच अडकला.

"चार विरुद्ध तीन. पुढचा विषय."

प्रत्येक मत नावानिशी लिहायचा नियम होता. असे कितीतरी अर्धे हात बाईंनी आजवर मुकाट्याने पूर्ण करून टाकले होते. आज पेन चालेना.

"साहेब, डॉक्टरांचं नाव कुठे लिहू?"

भिंत बोलल्यासारखं सगळ्यांनी वळून पाहिलं.

"कुठे म्हणजे? हात दिसला नाही का?"

"दिसला ना. कानापर्यंत आला होता. म्हणून विचारते."

डॉक्टरांनी हात खाली घेतला. "सवयीने जातो हो वर," ते ओशाळून म्हणाले. "राहू द्या वाचनालय."

अध्यक्षांनी पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसला, पण आकडा काही बदलेना. तीन विरुद्ध चार. ग्रंथपाल मटकन खुर्चीत बसले. बाईंनी सातही नावं लिहिली. मनातून त्यांना फार बरं वाटलं.

पुढच्या विषयाला मतदान आलं, तेव्हा सगळ्यांनी आधी बाईंकडे पाहिलं. मग ज्यांना करायचे होते त्यांनी हात वर केले, चांगले सरळ, कोपर न वाकवता.