खिडकीवर उडालेली झुंबड

मी पावाची भट्टी बोलतेय. जरा मोठ्यानं बोलते, कारण खिडकीशी इतका कल्ला चाललाय की माझं मलाच ऐकू येत नाही!

मला मावशींच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी बांधलं, एकेक वीट पारखून. मावशी म्हणजे या बेकरीची मालकीण. मालकांचा एक दंडक होता: पाव निवल्याशिवाय विकायचा नाही, गरम पावाला सुरी लावली की तो चेपतो. ते गेले, मावशींनी दंडक जपला. पण समोर झगमगीत दुकान आलं आणि आमचा पाव काचेच्या कपाटात संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहू लागला. माश्या मारत बसायची वेळ आली.

शेवटी मावशींनी मन घट्ट केलं. भट्टी पाडायची, जागा भाड्यानं द्यायची. ठरल्या दिवशी सकाळीच गवंडी हातोडा घेऊन हजर!

"आई, पीठ फुगलंय, भट्टीही तापलीय," सून मावशींना म्हणाली. "एवढी एक खेप भाजू द्या. अन्न कशाला वाया घालवायचं?"

मावशी कपाटाची काच पुसू लागल्या. सुनेनं तोच होकार समजून पाव आत सरकवले.

गवंड्याला रिकामं बसवेना. राडारोडा टाकायला वाट हवी म्हणून त्यानं मागच्या भिंतीतली खिळे ठोकून बंद केलेली खिडकी उचकटली. नेमका तेव्हाच पहिला ट्रे बाहेर आला.

वास सुटला तो थेट मागच्या गल्लीत! सूतगिरणीतली माणसं पाळी संपवून घरी निघाली होती. एक बाई अशी थबकली की मागचे दोघे तिच्यावर आदळले.

"अहो, पाव विकायचाय का?"

"गरम आहे," मावशी आतून ओरडल्या. "कापता येणार नाही!"

"कापायला सांगतंय कोण? द्या हातात!"

मग काय विचारता! सुनेनं एक दिला, दुसरा दिला, तिसऱ्यासाठी सात-आठ हात आत आले. सून पाव काढतेय, गवंडी हातोडा बाजूला टाकून कागदात गुंडाळतोय आणि पाव हातोहात चाललाय! लोक बोटं भाजून घेत, फुंकर मारत, उभ्याउभ्याच खात होते. मी तर आनंदानं धगधगत होते.

शेवटचा ट्रे रिकामा झाला तरी माणसं हलेनात. "संपला? मग उद्या किती वाजता?" कुणीतरी विचारलं.

सून मावशींकडे पाहू लागली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि गवंड्याला म्हणाल्या, "हातोडा उचल बाबा. आणि जाण्याआधी त्या खिडकीला एक फळी ठोकून दे, पाव ठेवायला."

आता मला उसंत म्हणून नाही. एक वीट तडकलीय, धुराडं काजळीनं भरलंय, पण साफ करायला वेळ आहे कुणाला? सासू-सुनेचं भांडण एकाच गोष्टीवरून: आज खिडकीशी उभं कोण राहणार?

तुम्हीही या, पण लवकर या. आणि कृपा करून ढकलाढकली करू नका.

खरं सांगू? थोडी केलीत तरी चालेल.