उशीमागचं लाकूड

"ही उशी मी नेऊ का?" लेकीने विचारलं, तेव्हा आरसेबुवा तिच्या बॅगेची चेन लावत होते. चेन अर्ध्यावर अडकली. त्यांना तेवढंच निमित्त मिळालं, आणि ते चेनशीच झटापट करत राहिले.

"कुठली उशी?"

"असं काय करता बाबा? आईची."

उशी पलंगावर, बाहेरच्या अंगाला, पाठफळीला टेकवून उभी होती. बायको जाऊन महिना उलटला तरी तशीच. लेक चादर झटकायला आली की "तेवढी राहू दे" म्हणत आरसेबुवा तिला उशीला हात लावू देत नसत. बाबांचं काहीतरी बिनसलंय, हे लेकीने ओळखलं होतं, पण ती बोलली नव्हती.

आरसेबुवा हे नाव फर्निचरच्या कारखान्यातलं. जन्मभर त्यांनी लाकडाला पॉलिश केलं आणि त्यांनी हात फिरवलेल्या फळीत माणसाने भांग पाडावा. खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाही आठवावं लागे. पण त्यांच्या स्वतःच्या पलंगावर पॉलिशचा एक हातसुद्धा नव्हता.

पलंग पडौकचा. दूरच्या दमट जंगलातून जहाजाने येणारं हे लाकूड भलतं हट्टी. अंगाने जड, रंध्याची धार खाणारं, आणि वाळवीला दाद न देणारं. शौकीन लोक ते दिवाणखान्यात मिरवतात, कुणी वाद्यांना वापरतात, कुणी सुऱ्यांच्या मुठींना. सगळे भुलतात ते त्याच्या रंगाला. ताजं कापलं की निखाऱ्यासारखं लाल. मात्र उजेड खाऊन खाऊन ते चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं. म्हणून आरसेबुवा प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचे, "एक वस्तू एकाच जागी ठेवू नका हो. खाली लाल डाग राहील, मग माझ्या नावाने बोंब माराल."

बायकोचे पाय गेले तेव्हा कारखान्यातल्या उरलेल्या फळ्या आणून त्यांनी हा पलंग करून घेतला. तिला दिवसभर टेकून बसता यावं म्हणून पाठफळी उंच ठेवली. पॉलिशची बाटली उघडली, तर तिने नाक दाबलं.

"आजार राहील बाजूला, तुमच्या या वासानेच जाईन मी."

फळी कोरीच राहिली. मग आल्यागेल्याला ती सांगायची, "लोका सांगे ब्रह्मज्ञान! गावाला आरसे आणि बायकोला कोरं लाकूड."

तीन वर्षं ती त्या फळीला टेकून बसली. ती गेल्यावर अंथरूण काढताना आरसेबुवांनी उशी उचलली आणि त्यांचे हात थांबले. बाकीची फळी तपकिरी पडली होती. उशीमागे मात्र लाकूड कापल्या दिवसाइतकं लाल होतं. खाली उशीची सरळ कड, आणि वर खांद्याचा उतार, पलंगाच्या आतल्या अंगाला झुकलेला. आतल्या अंगाला आरसेबुवा झोपायचे. चार माणसांत कोरडे राहिलेले ते गृहस्थ तेव्हा ढसाढसा रडले. मग उशी जागच्या जागी लावून टाकली. बघायचं म्हणजे उजेड दाखवायचा, आणि उजेड दाखवला की तिची ही खूण पुसली जाणार. पुन्हा त्यांनी उशी हलवून पाहिलं नाही.

"बाबा," लेक पलंगाच्या कडेवर बसली. "मला शेवटी येता नाही आलं. तुमच्याकडे तिचं अख्खं घर आहे. या उशीला अजून तिचा वास येतो. मला एवढीच द्या."

आरसेबुवांनी चेन सोडली. उशी बाजूला केली.

लेक बघत राहिली. मग तिने त्या लाल उतारावरून बोट फिरवलं. "अगं आई गं," एवढंच ती म्हणाली.

थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "पॉलिश मारा ना. पक्कं होईल."

"पॉलिशने उजेड अडत नाही, बाळ. आणि पॉलिशमधलं स्पिरिट लागलं की याचा लाल सुटतो. बोळा फिरेल तिकडे रंग फिरेल. कडच राहायची नाही."

"मग पडदा लावा."

"तिला खिडकी उघडी लागायची."

"मग राहू दे उशी इथेच." लेकीने उशी परत उभी केली, नीट, कडेला कड लावून.

खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. आरसेबुवांनी उशी उचलली, धुतलेल्या चादरीत गुंडाळली आणि लेकीच्या हातात दिली.

"मांडीवर घेऊन बस. डिकीत टाकू नकोस."

दुपारी ऊन आलं. पायथ्याच्या खिडकीतून ते थेट पाठफळीवर पडायचं. आरसेबुवांनी आपली उशी तिथे लावून पाहिली. ती फुगीर, घसरून खाली येई. दोनदा लावली, दोनदा पडली. मग ते स्वतःच पलंगावर चढले आणि तिच्या जागी पाठ टेकून बसले. इतक्या वर्षांत त्या बाजूला ते पहिल्यांदाच बसत होते.

ऊन सरळ डोळ्यांत घुसलं. त्यांनी मान वळवली, जमेना. मग आपसूकच खांदा खाली घेऊन ते आतल्या अंगाला सरकले. डोळ्यांवरचं ऊन गेलं. पाठीमागे खांदा बरोबर त्या उतारात बसला होता.

म्हणजे ती आपल्याकडे झुकत नव्हती. ऊन चुकवत होती. रोज दुपारी, आपण कारखान्यात असताना, एकटी. आणि एका शब्दाने बोलली नाही. पलंग हातभर सरकवायला किती वेळ लागला असता? आरसेबुवांना स्वतःचा संताप आला आणि तिची फार आठवण आली.

फोन वाजला. "पोचले बाबा. काय करताय?"

"बसलोय."

"कुठे?"

"तुझ्या आईच्या जागी."

"ऊन आलंय का तिथे?"

"आलंय."

"मग उठू नका एवढ्यात."

"नाही उठत," आरसेबुवा म्हणाले, आणि त्यांनी खांदा आणखी थोडा खाली घेतला.