दहा हजार एकच्या घरातला फोन

मला फेलोशिप मिळाली तेव्हा अप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "पर्मनंट हाय का?" नाही म्हटल्यावर दुसरा, "मग पेन्शन?" तेही नाही म्हटल्यावर त्यांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं. अप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त सुभेदार केरबा. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला हा माणूस जग दोनच खात्यांत मांडतो, पेन्शनवाले आणि बिनपेन्शनवाले.

फेलोशिप होती इंटरनेटवरच्या सेन्सॉरशिप आणि पाळतीवर संशोधन करायची. माझ्याबरोबरचे सगळे दांडगे होते. एक जण विमानतळावर चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांवर काम करणार होता, एक जण सरकार नेट कसं बंद करतं त्यावर. मुलाखतीत मला विचारलं, तुमचं काय? मी म्हटलं, सरकारला माझा फोन बघायचा तर कायदा लागतो, कागद लागतो, यंत्र लागतं. आमच्या आष्ट्याकडच्या गावात नवऱ्यानं "आण इकडं" म्हटलं की काम भागतं. मी त्यावर अभ्यास करते. समोरचे हसले आणि त्यांनी मला घेतलं. नऊ वर्षं पुण्यात काढून मी वही-पेन घेऊन गावी उतरले, आणि गावाला वाटलं माझी नोकरी गेली.

पाच बायका बोलायला तयार झाल्या. त्यातली महत्त्वाची म्हणजे रेश्मा वहिनी, आमच्या भावकीतल्या रविराजची बायको. लग्नाआधी तिचा नर्सिंगचा कोर्स झाला होता. सासरी आल्यावर रविराज म्हणाला, "नोकरी कराय मी मेलो काय?" आणि तो विषय मिटला. त्याच्या बाजूनं मिटला. रोज संध्याकाळी म्हशीची धार झाली की हा पठ्ठ्या तिचा फोन घेऊन ओट्यावर बसायचा आणि शेवटच्या मेसेजपर्यंत वाचायचा. ती कुठं आहे ते दाखवणारं अ‍ॅपही त्यानं टाकून ठेवलं होतं. माहेरून आली-गेली तर रस्त्यात किती वेळ थांबली याचासुद्धा हिशेब व्हायचा.

म्हणून रेश्मानं दुसरा फोन घेतला होता आणि तो शाळूच्या, म्हणजे ज्वारीच्या, पिंपात, दाण्यांत खोल पुरून ठेवला होता. त्या फोनवर तिनं आरोग्यसेविकेच्या भरतीचा फॉर्म भरला होता. परीक्षा सांगलीला, रविवारी. हॉल तिकीट त्याच फोनमध्ये. तो फोन रविवारच्या आधी रविराजच्या हाती लागला तर परीक्षा गेली, आणि तिच्या शब्दांत सांगायचं तर, "परत शाळूबी मलाच निवडाय लागंल."

मी तिला शब्द दिला होता. नाव कुठंही येणार नाही.

आता खरी अक्कल सांगते. आम्हाला प्रशिक्षणात बजावलं होतं, की माणसांना असे आकडे द्या ज्यांचा बाहेरच्याला अर्थ लागणार नाही. मी विचार केला, एक-दोन-तीन काय द्यायचं? लक्षातही राहायला पाहिजे. मग मला सुचलं उसाचं. उसाच्या जातींना आकडेच असतात. शहाऐंशी बत्तीस, दोनशे पासष्ट, सहाशे एकाहत्तर. मी प्रत्येकीला विचारलं, तुमच्या रानात कुठला ऊस आहे? तीच तिची खूण. पाचजणींनी पाच वेगळ्या जाती सांगितल्या. रेश्मा म्हणाली, दहा हजार एक. दिल्लीतल्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी लगेच कळवलं, आकडे फार छान आहेत, कुणालाच काही कळणार नाही. दिल्लीत कुणाला कळणार होतं?

अर्धं गाव शहाऐंशी बत्तीस लावतं. त्यात पाच बायकांच्या पाच जाती कशा आल्या, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मी संशोधक होते ना.

गुरुवारी सकाळी माझा पहिला अहवाल संस्थेच्या साइटवर इंग्रजीत आला, वर माझा फोटो. आणि मी काय करावं? ती लिंक अप्पांना पाठवली. एवढी वर्षं ज्या बापानं "पेन्शन?" एवढंच विचारलं, त्यानं एकदा तरी "शाब्बास" म्हणावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. अप्पांनी दहा मिनिटांत ती गावाच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "माझ्या मुलीचं, संयोगिताचं, नाव दिल्लीत. जय हिंद." त्या ग्रुपवर तीनशे बारा माणसं आहेत.

मला वाटलं, इंग्रजी आहे, कोण वाचतंय. इंग्रजी कुणी वाचलंच नाही. आकडे मात्र सगळ्यांनी वाचले.

संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेले तर किटल्या तशाच आणि माणसं घोळक्यात. कुणीतरी फोनवर अहवालाचं मराठी भाषांतर काढलं होतं. त्यात दहा हजार एकच्या घरातल्या दुसऱ्या फोनचं शाळूचं पिंप "तृणधान्याचे पात्र" झालं होतं, पण गावानं ते लगेच ताडलं.

"सहाशे एकाहत्तर, 'पती रोज पत्नीचे संदेश तपासतो'," एकानं वाचलं. "सहाशे एकाहत्तर गावात कुणाचा ऱ्हायलाय? गुंडानानांचा."

गुंडानाना पंच्याहत्तरीचे. त्यांनी काठी आपटली. "आरं मुडद्यांनो, माझी बायकू जाऊन बारा वर्सं झाली! मी कुणाचा फोन बगतूय? वरती रेंज हाय व्हय?"

लोक पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही, मला घाई होती. "आणि दहा हजार एक?" मी शक्य तितक्या बेफिकीर आवाजात विचारलं.

हसणं एकदम थांबलं. एकजण किटलीचं झाकण लावायला लागला, दुसऱ्यानं आभाळाकडे बघितलं. गुंडानाना म्हणाले, "जाऊ दे की पोरी. घरोघरी मातीच्या चुली."

म्हणजे कळलं सगळ्यांना. "रविराज कुठाय?" मी विचारलं.

"आत्ताच गेला की घराकडं. लय घाईत."

मी किटली तिथंच ठेवून पळाले. पुण्यात नऊ वर्षं राहिलेली, नावापुढं रिसर्च फेलो लावणारी मी, साडीवर नाही हे नशीब, भर रस्त्यातून चपला हातात घेऊन पळत होते आणि स्वतःला शिव्या देत होते. पाळतीवर अभ्यास करणारी बाई, आणि एका "शाब्बास"साठी दुसरीचं आयुष्य ग्रुपवर टाकून बसली. लाज वाटत होती, आणि भीती तर त्याहून जास्त.

रविराज घराच्या पुढच्या सोप्यात बसून चहात बटर बुडवत होता. "ये की गं ताई," तो खुशीत म्हणाला. "लय भारी लिवलंयस. आपल्या गावात असली माणसं हायत म्हणून म्हाईत न्हवतं बग. बायकूचा फोन बगत्यात! लाज न्हाई."

तो चेष्टा करत नव्हता.

रेश्मानं मला घरामागच्या परड्यात ओढून नेलं. "वन्सं, अशा घामाघूम का झालाय?"

"फोन कुठाय? पिंपातच?"

"पिंपातच हाय. त्याला काय झालंय?"

"वहिनी, दहा हजार एक सगळ्यांनी ओळखलाय!"

"वळखला आसंल की," ती शांतपणे शेणी-गोवऱ्या रचत म्हणाली. "पर आमच्या रानात शहाऐंशी बत्तीस हाय."

"शहाऐंशी बत्तीस?" मी विचारलं.

"वन्सं, तुमी म्हणालासा नाव लिवणार न्हाई, आन लगीच इचारलासा रानात ऊस कुटला. आवं, हितं माणसाचं तोंड इसरतील, पर रानातला ऊस कुणी इसरत न्हाई. मग आमी पाचीजणी नळावर बसलो आन जिनं तिनं दुसऱ्याच्याच घरचा आकडा ठरवला. एकीनं तर म्हाताऱ्या गुंडानानांचाच घेतला, म्हणजे कुणाला तरास नको."

मी तिथंच शेणींच्या ढिगाला टेकले. इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. तीन कार्यशाळा, दोन प्रमाणपत्रं घेऊन मला जे जमलं नाही, ते या बायकांनी नळावर घागर भरेपर्यंत केलं होतं.

"मग दहा हजार एक कुणाच्या रानात आहे?" मी डोळे पुसत विचारलं.

रेश्मानं हातातली शेणी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमाला खरंच म्हाईत न्हाई? गावात येकाच रानात हाय. सुबेदार मामांनी बेणं आणलंय. तुमच्याच की वो."

आणखी एक गोष्ट तिनं खाली बघत सांगितली. "मला वाटलं, तुमच्या घरावर कोण बोट दावणार न्हाई. आन लय खोटंबी न्हवतं ते, वन्सं."

घरी पोचले तर अप्पा स्वयंपाकघरात उभे. ग्रुप त्यांनीही वाचला होता. चेहरा लालबुंद. फौजेत कुणी त्यांचं नाव घेऊन हसलं नव्हतं, आणि इथं डेअरीवर सगळं गाव त्यांच्या नावाला गप्प बसत होतं.

"मी बगतो फोन? मी?" ते आईवर नाही, चुलीवर ओरडल्यासारखे ओरडत होते. "दुसरा फोन हाय म्हणं माझ्या घरात! पिंपात हाय म्हणं! आत्ता दावतो गावाला!"

आणि त्यांनी शाळूचं पिंप उपडं केलं. दाणे फरशीभर पसरले, देवघरापर्यंत गेले. अप्पा गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ते चाळत राहिले. फोन काही निघाला नाही.

"बग," ते माझ्याकडे वळून धापा टाकत म्हणाले. "काय न्हाई. लिव त्येंला. खोटं हाय म्हणून लिव."

आई, साळूबाई, भिंतीला टेकून उभी होती. "झालं बगून?" तिनं विचारलं.

अप्पांचे हात दाण्यांत तसेच राहिले.

"रोज बगता तुमी," आई म्हणाली. "जेवाण झालं की. म्हणता, चार्जिंग किती हाय बगतो. मग माझ्या भैनीचा मेसेज मला तुमीच वाचून दावता. पाच वर्सं झाली. भैनीनं आता लिवायचंच सोडलं."

ती रागानं बोलत नव्हती, म्हणून जास्त लागलं. अप्पांना नाही, मला. मी ते पाच वर्षं बघत आले होते. सुट्टीला आले की रोज जेवणानंतर अप्पा आईचा फोन घ्यायचे, आणि मला वाटायचं, किती काळजी करतात, चार्जिंगसुद्धा बघतात. गावातल्या पाच घरांची दारं वाजवली मी, पण या स्वयंपाकघरात रोज दोन वेळा जेवून वही कधी उघडली नाही.

"आई, तू मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा?" ती म्हणाली आणि केरसुणी आणायला गेली.

त्या रात्री अप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दिल्लीच्या बाईंना खरं ते कळवलं, की अहवालातले सगळे आकडे चुकीच्या घरांचे आहेत. त्यांचं उत्तर आलं की ही गोपनीयतेची अत्यंत अभिनव पद्धत आहे आणि यावर मी एक स्वतंत्र लेख लिहावा. या लोकांना काय सांगणार!

रेश्माला विचारून मी परीक्षेचं आईच्या कानावर घातलं होतं. शनिवारी आई स्वतः रविराजच्या सोप्यात जाऊन बसली. "रविराज, उद्या मला डोळं दावाय सांगलीला जायाचंय. संयोगिताला तिथलं काय कळत न्हाई. रेश्माला धाड माझ्यासंगं." चुलतीला नाही म्हणायची रविराजची छाती नव्हती. आणि तिच्यासोबत गेली म्हटल्यावर अ‍ॅपवर ठिपका सांगलीत दिसला तरी त्याला काही म्हणता येणार नव्हतं. डोळ्यांचा दवाखाना रविवारी बंद असतो हे त्याला सुचलं नाही. देव असल्या नवऱ्यांना अक्कल बेतानंच देतो, ती एक कृपाच.

रविवारी सकाळी आई नवं लुगडं नेसून निघाली. दारात थांबली, कमरेची पिशवी चाचपली, आणि फोन काढून अप्पांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला.

"आगं, फोन न्हे की," अप्पा म्हणाले. "कुटं चुकामूक झाली मंजे?"

"नको. ऱ्हाऊ दे तुमच्याजवळ," आई म्हणाली, आणि कोपऱ्यावर वाट बघत उभ्या असलेल्या रेश्माकडे निघून गेली.

अप्पा पेपर घेऊन बसले. पान एकच उघडं होतं, तेच तासभर. अकराच्या सुमारास फोन वाजला. पडद्यावर मावशीचं नाव. अप्पांचा हात सवयीनं पुढं गेला, अर्ध्यावर थांबला.

"तू घे," ते मला म्हणाले.

"माझा नाही तो, अप्पा."

त्यांनी हात मांडीवर ठेवला. फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला आणि आम्ही दोघं तो वाजायचा थांबेपर्यंत बघत बसलो.