पांढऱ्याशेजारी

मास्तरांना खाज सुटली होती आणि घरातली एकही चौकट तिच्यातून सुटली नव्हती. दात घासता घासता ते पाठ चौकटीवर घासत, चहा पिताना एका टाचेने दुसरी पोटरी खाजवत, आणि बायकोने नुसतं वर पाहिलं तरी म्हणत, "पिवळा लॉट चाललाय. रंग अंगात मुरलाय, दुसरं काही नाही."

मास्तर म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यातले रंगमास्तर. हौदात रंग किती पडायचा, कापड बाहेर कधी काढायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. लग्नानंतर पहिल्यांदा निळे हात घेऊन ते घरी आले, तेव्हा बायकोची बोबडी वळली होती. पुढे ती सरावली. हिरवी नखं, लाल कोपरं, जांभळे कान. महिन्याला नवा नवरा मिळतो, असं नणंदेला सांगून ती हसवायची. त्यामुळे आता कपाळ पिवळं दिसू लागलं, तेव्हा तिनेही कानाडोळाच केला.

पण ताट तसंच राहू लागलं. मास्तर दोन घास खात, उठत, बसत, पुन्हा उठत. घरात एका जागी पाच मिनिटं टेकणं त्यांना जमेना आणि त्यांच्याकडे पाहून तिलाही. काही तरी बिनसलंय हे तिच्या मनाने घेतलं होतं. डॉक्टरचं नाव काढलं की मात्र मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबत.

सुट्टीच्या सकाळी ते न्हाणीघरातून बाहेरच येईनात. तिने दार ढकललं. कापडावरचा चुकलेला रंग उतरवायचं कारखान्यातलं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, आणि ब्रशने ते स्वतःचे हात घासत होते. कातडी जागोजागी सोलवटली होती. मधली मात्र तशीच पिवळी.

"अहो, कातडं आहे ते! तागा नव्हे!"

"पक्का बसलाय. अजून एक हात मारतो."

"आधी डॉक्टरकडे चला."

"डॉक्टरला पिवळ्यातलं काय कळतं?"

आता मात्र तिचं डोकं फिरलं. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात शेड तपासायची पांढरी कापडी पट्टी कायम असायची. रंग दिव्याखाली पाहू नये, एकटा पाहू नये, उजेडात पांढऱ्याशेजारी ठेवून पाहावा, हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. या नियमापायी तिला कधी साधा पडदासुद्धा मनासारखा घेता आला नव्हता. तिने ती पट्टी काढली, मास्तरांना मनगट धरून खिडकीशी ओढलं आणि हातात आरसा दिला.

"घ्या. तुम्हाला कळतं ना? डोळा बघा. डोळे कुठल्या हौदात बुडवले होते?"

मास्तरांनी पट्टी डोळ्याशेजारी धरली. खालची पापणी ओढली. मान इकडे केली, तिकडे केली. लॉट नापास करताना त्यांचा चेहरा जसा होई तसा झाला.

"हा आपल्याकडचा पिवळा नाही," ते हळूच म्हणाले आणि चपला शोधू लागले.

त्यांनी वाद घालायला हवा होता, असं तिला वाटलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "हौदाचा रंग बसतो वरच्या मेलेल्या कातडीवर. ती झडते, रंगही जातो. हा आतून आलाय. जुनं रक्त शरीर मोडीत काढतं, त्यातून पिवळा रंग निघतो. मुका मार लागल्यावर काळंनिळं झालेलं शेवटी पिवळं पडतं ना, तोच. यकृत तो पित्तातून आतड्यात सोडतं. यांच्या पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. मग तो रंग मागे फिरून रक्तात आणि रक्तातून अंगभर. खाजही त्या तुंबलेल्या पित्तामुळेच."

"म्हणजे मोरी तुंबली," बायको म्हणाली.

"तेच. उद्या तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढू. अजून थांबला असतात तर तुंबलेलं सडलं असतं आणि जिवावर बेतलं असतं. आणि मास्तर, खाज आधी जाईल, रंग मागाहून. घासू नका."

खडा निघाला. पण तिच्या जिवाची घालमेल काही निघाली नाही. दवाखान्याच्या खाटेवर मास्तर रोज सकाळी पट्टी मागत, तिच्याकडून डोळ्याशेजारी धरून घेत आणि विचारत, "पास?"

"नाही," ती म्हणे. त्यांच्यापुढे रंगाबाबत खोटं बोलायची सोय नव्हती.

आजही पांढरं ते पांढरं आणि डोळा तो पिवळाच.

"खरं सांग."

"नापास. तसाच आहे."

"पक्का रंग. वेळ घेणार," ते म्हणाले आणि त्यांचा डोळा लागला.

ती पट्टीची घडी घालत उभी राहिली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते कळेना. इतके दिवस झोपेतसुद्धा चाललेला नखांचा खरखर आवाज आज येत नव्हता. तिने वाकून पाहिलं. पांघरुणावर मास्तरांचे दोन्ही हात पिवळेधमक आणि स्वस्थ पडले होते.

त्यांची झोप मोडू नये म्हणून ती पट्टी तोंडात कोंबून रडली.