माझ्यासाठी उठलेली दुकानं

मित्रांनो, मॉलच्या वाटेवर माझ्याकडे तुमचं लक्षही जात नसेल. हैदराबादच्या हिमायतनगरातल्या एका शॉपिंग कॉम्प्लेक्सची मी जुनी इमारत आहे.

माझ्याआधी इथं पत्र्याच्या दुकानांची ओळ होती. त्रिवेणीअक्का तिथं शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या, शेजारी नामदेवराव घड्याळं दुरुस्त करायचे. मग उदारीकरण आलं. बाजारात रंगीत टीव्ही, रेडिमेड कपडे यांची रेलचेल झाली आणि जागेचे मालक हिम्मतराव यांना पत्र्याची लाज वाटू लागली.

"अक्का, इथं कॉम्प्लेक्स बांधतो. तुम्हा सगळ्यांना रस्त्यावरचेच गाळे देतो. तुम्ही समजावलं तर बाकीचे उठतील," ते म्हणाले.

अक्कांनी दुकानोदुकानी जाऊन समजावलं. त्यांच्या भरवशावर ओळ रिकामी झाली आणि माझा पाया खणला गेला.

मी उभी राहिले तेव्हा लोक मान वर करून बघायचे. काचेची दारं, ग्रॅनाइटच्या पायऱ्या! हिम्मतरावांनी माझ्या उंबऱ्यावर नारळ फोडला. मी तर फुलूनच गेले होते. पण रस्त्यावरचे गाळे मोठ्या शोरूमवाल्यांना गेले. अक्कांना तळघरातला कोपरा मिळाला, नामदेवरावांना अगदी वरच्या मजल्याचं टोक. लिफ्ट नव्हती. त्यांची म्हातारी गिऱ्हाइकं तिथवर चढेनात.

"अक्का, मी हिम्मतरावांचं ऐकून नाही उठलो. तुमचं ऐकून उठलो," नामदेवराव एवढंच बोलले. मग अक्कांच्या नमस्कारालाही त्यांनी मान हलवणं सोडलं. फसवलं एकानं आणि तोंड लपवायची वेळ आली दुसरीवर. माझ्या नव्या रंगाचा मला तेव्हा संकोच वाटला.

पुढं कुकटपल्लीत मॉल झाला. गार हवा, सरकते जिने, सिनेमा, खाणंपिणं, सगळं एकाच छताखाली. माझे शोरूमवाले एकेक करून तिकडं पळाले. आणि ज्यांनी नारळ फोडला, त्या हिम्मतरावांनी माझ्याच कपाळावर त्या मॉलची भलीमोठी जाहिरात टांगली. मला माझा रस्ताही दिसेनासा झाला.

एक दिवस ते तळघरात उतरले. "अक्का, ही बिल्डिंग पाडून इथंही मॉल करू. तुम्हीच समजवा सगळ्यांना. तुमचं ऐकतात."

अक्कांनी शिलाई मशीन थांबवलं. "ऐकत होते. आता माझ्या तोंडून कुणाला उठवू नका. नक्को."

जिन्यात उभ्या नामदेवरावांनी ते ऐकलं. हिम्मतराव पाय आपटत गेल्यावर ते हळूच खाली आले. "अक्का, माझं टेबल इथं मावेल?"

अक्कांनी कापडाचे गठ्ठे बाजूला सरकवले.

आता माझा गिलावा गळतो, कुणी बघत नाही. मित्रांनो, मॉलमध्ये जरूर जा, मोठे झाल्यावर हवे तेवढे बांधा. पण तुमच्या शब्दाखातर ज्यांनी आपली जागा सोडली, त्यांना आधी आत घ्या.